गाडी कुठवर आली?

रूथ,

रविवारी तुझ्यासाठी स्मरणाची उपासना झाली आणि तिथेही मी माती खाल्ली. पाळकसाहेबांची सवय तुला ठाऊक आहे. प्रार्थनेत मध्येच श्वास घ्यायला थांबतात, आणि तो श्वास इतका लांबतो की माणसाला वाटतं, संपलं. ते थांबले. मी खणखणीत 'आमेन' म्हटलं. मग त्यांनी डोळे न उघडता पुढचं वाक्य उचललं, "आणि हे प्रभू, तिच्या पतीला धीर दे." मागच्या बाकावर कुणाला तरी हसू आवरलं नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं. तू गेल्यापासून सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखे हळू बोलतायत.

तू असतीस तर माझ्या मनगटावर हात ठेवला असतास. बोलायचं काही नाही, नुसता हात. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा ठेवलास, आठवतं? पाळकांनी मंडळीला विचारलं, या विवाहाला कुणाची हरकत आहे काय, आणि मला वाटलं माझी पाळी आली. मी मोठ्याने 'होय' म्हणालो. सगळं चर्च वळून बघायला लागलं, नवऱ्यामुलाचीच हरकत. तुझे वडील अर्धे उठले. तू झिरझिरीत पदराखालून हात काढून माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "अहो, थांबा. तुमचा प्रश्न अजून यायचाय."

तेव्हापासून तू थांबवत आलीस आणि मी पुढे पुढे. नाताळच्या उपासनेला एसटीत टाकावा तसा पुढच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरणारा साऱ्या मंडळीत मी एकटा. तू तो रुमाल उचलून, घडी करून, माझ्या खिशात घालायचीस आणि मागे जाऊन बसायचीस. मूल व्हावं म्हणून आपण वाट बघितली, तेव्हाही पाळणा मी आधीच आणला होता. तो माळ्यावर गेला. त्यावरून तू मला कधी बोलली नाहीस. बाकी सगळ्यावरून बोललीस.

आणि अशा माणसाची नोकरी काय, तर एसटी स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर काचेच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना सांगायचं, वाट बघा. दोन हजार चौदामध्ये माझी तलासरीला बदली झाली तेव्हा तू हसत म्हणाली होतीस, देवाला विनोद कळतो.

माझी एक युक्ती होती, ती तू तलासरीत आल्या आल्या पकडलीस. कुणीही खिडकीशी येऊन विचारलं, "साहेब, गाडी कुठवर आली?" की मी म्हणायचो, "उधव्याला आलीय." उधवा हे बरं गाव. लबाडी पकडली जावी इतकं जवळ नाही, आशा सुटावी इतकं लांब नाही. सायवनची असो नाहीतर आणखी कुठली, माझी प्रत्येक गाडी उधव्याला आलेली असायची. लोक समाधानाने बाकावर जाऊन बसायचे.

त्या पावसाळ्यात लखमीबाईला मी असंच बसवलं. डोक्यावर पाटी, पाटीत बाजारहाट, पायात चिखल. जीपवाला तिला हाका मारत होता, एक सीट आहे, चल. तिने मला विचारलं, "गाडी येल का, साहेब?" मी म्हणालो, "उधव्याला आलीय, कशाला जीपमध्ये कोंबून घेतेस." जीप गेली. आणि वरच्या अंगाला फरशीपुलावरून नदीचं पाणी चाललं होतं, पलीकडची गाडी अलीकडे येणं शक्यच नव्हतं, हे मला नंतर कळलं. तू डबा घेऊन आलीस तेव्हा ती अजून बसलेली होती.

"उधव्याहून फोन आला होता का?" तू विचारलंस.

"नाही."

"मग कशावरून सांगितलंत?"

"लोकांना बरं वाटतं गं."

"बरं तुम्हाला वाटतं. विचारणारं माणूस खिडकीपुढून हलतं."

मग तू माझा डबा घेऊन बाकावर गेलीस, लखमीबाईच्या शेजारी बसलीस, आणि तो उघडलास. मी काचेतून माझी भाकरी आणि माझं सुकं बोंबलाचं कालवण दोन बायकांच्या पोटात जाताना बघत होतो. नंतर माझ्याकडे येऊन म्हणालीस, "नुसतं 'येईल' म्हणा. कुठवर आली ते ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आणि जाऊन शेजारी बसा."

"कंट्रोलरने बाकावर बसायचं नसतं."

"देवाला तसं वाटलं असतं तर तो गोठ्यात कशाला जन्मला असता? वरूनच माइकवर सांगत बसला असता, येतोय, येतोय, उधव्याला आलोय."

त्या संध्याकाळी लखमीबाई आपल्याकडे राहिली, आणि पुढे दर बाजाराला तुझ्यासाठी पानात बांधून रानभाजी आणायला लागली. मला कधी दिली नाही. तिच्या लेखी मी उधव्यावाला.

मग तुझे पाय सुजायला लागले.

ते सगळं पुन्हा लिहीत नाही. तुला ठाऊक आहे आणि मला विसरायचंय. वापीला डायलिसिसच्या वाऱ्या, सुयांसाठी जोडलेली, हाताला उठलेली ती जाड शीर, तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी घुरघुरायचं. पाणी घोटाघोटाने. उन्हाळ्यात तू बर्फाचा खडा गालात धरून भांडी घासायचीस आणि माठाकडे पाठ करून उभी राहायचीस. चिकू बंद, नारळपाणी बंद, सुके बोंबील बंद. डहाणूच्या शेजारी राहून माणसाने खायचं काय, मी विचारलं. "बोलणी," तू म्हणालीस, "तुमची."

मी माझी किडनी देणार म्हणून केवढा गाजावाजा केला. तपासण्या व्हायच्या आधीच मंडळीत सांगून टाकलं. पाळकसाहेबांनी पुलपिटावरून देवाचे आभार मानले, बायकांनी डोळे पुसले, एका म्हाताऱ्या भगिनीने माझा हात हातात घेऊन चुंबला. आणि मग रिपोर्ट आला, मला साखर. तीही कच्ची नाही, चांगली मुरलेली. स्टँडबाहेरची जिलबी एवढ्या वर्षांत कुठे जात होती ते सगळ्यांना कळलं. पुढच्या रविवारी मी चर्चला आलो नाही. तू गेलीस, आणि त्या भगिनीला म्हणालीस, "चुंबन परत मागू नका, त्यांना त्याची गरज आहे."

म्हणून मुंबईच्या दवाखान्यात यादीत नाव घातलं. कुणी गेलं, त्याच्या घरच्यांनी दिली, तुझ्याशी जुळली, तर फोन येईल. येईल. खिडकीच्या आत बसून जो शब्द मी वर्षानुवर्षं वाटला, तो आता मला कुणीतरी दिला होता. आणि कुठवर आला ते सांगायला कुणी नव्हतं.

फोन मी आंघोळीला नेला, प्रभुभोजनाला नेला. एकदा मुंबईचा नंबर दिसला आणि मी समोरच्याचं ऐकूनच घेतलं नाही. "निघालोच, तशीच ठेवा," म्हणालो आणि बंद केला. ती कर्ज हवंय का विचारणारी मुलगी होती. तिने बिचारीने पुन्हा लावून विचारलं, "सर, काय ठेवू?" तू इतकी हसलीस की धाप लागली. मग हसू थांबलं आणि धाप थांबली नाही.

आपलं घर हायवेला लागून. रुग्णवाहिका रोजच्याच. एका दुपारी एक गेली, मनोरच्या बाजूला, जोरात. तू खाटेवर पडली होतीस, डोळे मिटून. मला वाटलं झोपलीस.

"आत्ता काय मागितलंत?"

"कुठे काय?"

"तुमचे ओठ हलले."

"त्याला वाचव म्हणालो."

"तुम्हाला खोटं बोलायला उधवाच बरा," तू म्हणालीस, आणि डोळे उघडलेस. रागावली नव्हतीस. ते जास्त वाईट होतं. "मी त्या फोनसाठी प्रार्थना करत नाही. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मला वाटलं, औषधाने बोलतेयस.

"तो वाजायचा तर आधी कुणाच्या तरी घरात रडणं व्हायला हवं. ते मी देवाकडे कसं मागू?"

"आपण मागितलं नाही म्हणून कुणी मरायचं थांबणार आहे का?"

"नाही. आला तर मी जाईन, नको म्हणणार नाही. पण मागता येत नाही मला."

"मग रोज पहाटे प्रार्थनेला उठून वाट कशाची बघतेस?"

तू छताकडे बोट केलंस. "त्याची," म्हणालीस. "फोन आला तर त्याच्याकडून. नाही आला तरी तो आहेच ना."

"असं नसतं," मी म्हणालो. "गाडीची वाट बघणाऱ्याला गाडीच लागते. कंडक्टर चांगला आहे, एवढ्यावर घरी जाता येत नाही."

हे आपलं भांडण तिथेच राहिलं, रूथ. मला अजून वाटतं माझा मुद्दा बरोबर होता. आणि अजून वाटतं की तू काहीतरी बघत होतीस ते मला त्या काचेतून दिसत नव्हतं.

फोन आला, एकदा. खरा. मी ड्युटीवर होतो, माइक हातात तसाच. पाळकसाहेबांनी गाडी काढली. तिथे गेल्यावर कळलं, तुला राखीव म्हणून बोलावलंय. पहिल्या माणसाला काही अडलं तर तू. आमच्या एसटीत राखीव म्हणजे जागा तुझी, बसलेल्याला उठवायचा हक्क. तिथे राखीव म्हणजे उभं राहा. आपण त्या लांब व्हरांड्यात बसलो आणि मी मनातल्या मनात एका अनोळखी माणसाला ताप यावा म्हणून खटपट करत होतो. समोरच्या बाकावर एक बाई एकटी बसली होती, मांडीवर पुरुषाच्या चपलांचा जोड. बघता बघता तू उठलीस, भिंत धरत गेलीस, आणि तिच्या शेजारी बसलीस. बोलताना काही दिसली नाहीस. ती तुझ्याकडे वळली नाही. तशाच बसून राहिलात दोघी.

पहिल्या माणसाला काही अडलं नाही.

परत येताना मी विचारलं, "ती कोण होती?"

"विचारलं नाही."

"ज्याची मिळाली त्याची आई असेल, नाहीतर बायको."

"असेल. नाहीतर दुसऱ्याच कुणाची."

आणि मग मी त्या गाडीत देवाबद्दल जे बोललो ते पाळकसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, नुसता गाडीचा वेग कमी केला. तू म्हणालीस, "कुणाला तरी मिळाली ना." मी म्हणालो, "तो कुणीतरी माझ्या घरात स्वयंपाक करायला येणार आहे का?" इतकं हलकं बोललो. तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस, किंवा झोपल्यासारखं केलंस. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्या आवडीची भाजी होती. त्याचं काय उत्तर द्यायचं असतं ते मला कधी जमलं नाही, म्हणून मी डबा घासून आणला.

त्याच वर्षी नाताळच्या आधीपासून जमीन हलायला लागली. आधी पोटातून गडगडायचं, मग मांडणीतली भांडी वाजायची, मग भिंती. पहिला मोठा धक्का संध्याकाळी बसला. मी जो पळालो तो थेट अंगणात, आणि अंगणात पोचल्यावर बघतो तर माझ्या हातात फोन. छातीशी धरलेला, तान्ह्या पोरासारखा. तू आत. तेवढ्यात तू दारात आलीस, चौकट धरून, हळूहळू, एक पाय मग दुसरा पाय. अंगणात जमलेल्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर विचारलंस, "फोन बरा आहे ना?"

ती गोष्ट डहाणूपर्यंत पोचली. लोक हादऱ्याने घाबरून बाहेर झोपत होते आणि एकमेकांना ती सांगून हसत होते. मीही सांगायचो, वाढवून. सांगताना प्रत्येक वेळी, तू दारात येतेस त्या जागी, मी बिडीवाल्यासारखा खोकायचो.

तो हिवाळा आपण अंगणात काढला. उपासनासुद्धा मांडवाखाली. आजूबाजूला चुली, ताडपत्र्या, रडणारी पोरं, आणि मध्ये तुझी खाट. तू म्हणालीस, "आता सगळी तलासरी माझ्यासारखी झालीय. पुढचा कधी येईल कुणाला ठाऊक नाही, आणि तरी भाकऱ्या भाजतायत." पाळकसाहेब देवाच्या वेळेवर बोलायला लागले की मी तोंड फिरवायचो. ज्या खात्याचं वेळापत्रकच छापलेलं नाही, त्यावर माणसाने काय बोलावं. पण तुझी ती भाकरी मला समजली. तेवढी एकच गोष्ट समजली, असं म्हण.

या पावसात ताप आला आणि जंतू रक्तात गेले. वापीला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं, तुलाही. मी तुला सांगायचं म्हणून किती काही जुळवून ठेवलं होतं. की तू मला थांबवलंस म्हणून मी कुठेतरी पोचलो. की त्या गाडीतलं बोलणं परत घेतो. की मला भीती वाटते. तू मध्येच शुद्धीवर यायचीस, मध्येच जायचीस. एकदा डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "गाडी कुठवर आली?"

रूथ, एवढी वर्षं तू मला शिकवलंस ते या एका प्रश्नासाठी. उत्तर मला पाठ होतं. ठाऊक नाही, येईल, मी शेजारी आहे. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"उधव्याला आलीय."

तुझ्या ओठांचा कोपरा हलला. तू भ्रमात होतीस की माझी थट्टा करत होतीस, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. "मग बसू या," म्हणालीस.

त्यानंतर तू बोलली नाहीस. मी बोलत राहिलो. जुळवलेलं सगळं, मग न जुळवलेलं, मग प्रार्थना, एकीला जोडून दुसरी, आमेन म्हणायचंच नाही असं ठरवून, कारण आमेन म्हटलं की संपतं. सकाळ झाली होती. केव्हातरी माझ्या मनगटावर हात आला आणि मला वाटलं, तू. ती नर्स होती, वापीची पोर. "बस, काका," ती म्हणाली. "बस." तिच्या गुजरातीत पुरे म्हणाली. मी ते मराठीत ऐकलं आणि निमूट स्टुलावर बसलो. तू कधीची गेली होतीस. प्रत्येक आमेन आधी म्हणणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा उशीर झाला, तो तिथे.

फोन अजून चालू ठेवलाय. त्यांनी यादीतून नाव काढलंय, मीच कळवलं. तरी वाजला की हात जातो.

देवाशी माझं अजून नीट बोलणं नाही. चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, रुमाल टाकत नाही. प्रार्थनेचे शब्द येत नाहीत तर नुसता बसतो. पाळकसाहेब म्हणतात तीही प्रार्थनाच. मला ते पटत नाही, पण बसतो.

काल ड्युटीवर रुजू झालो. लखमीबाई आली. तिला कळलं होतं. खिडकीपुढे उभी राहिली, पाटी डोक्यावर तशीच. म्हणाली, "गाडी कुठवर आली?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणालो, "ठाऊक नाही. येईल."

तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा बघावं तसं. बाकावर गेली. मी खिडकी लावली, बाहेर आलो आणि तिच्या शेजारी बसलो. कंट्रोलर बाकावर बसलेला बघून ड्रायव्हर मंडळी कुजबुजली असतील. लखमीबाईने पाटीतून पानाची पुडी काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. "बायची," म्हणाली. मला नाही दिली, मध्ये ठेवली. तुझ्या जागेवर.

बराच वेळ गेला. पाऊस आडवा येत होता, दोघांचेही पाय भिजत होते. रूथ, तू कुठवर पोचलीस हे मी विचारणार नाही. तिकडे आधी गेलीयस, तर माझ्यासाठी शेजारी एक रुमाल टाकून ठेव. तुला ते आवडत नाही, ठाऊक आहे. या एका वेळी टाक. मी घाई करणार नाही.

इथे गाडी अजून आली नव्हती. आम्ही बसलो होतो.